खोकल्यातून रक्त आलं, पण कुठून?

तासगावला बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. मामा पहाटे मोरीत खाकरत होते आणि बेडक्यात लालभडक गुठळी आली. मामी म्हणाल्या, "उष्णता झाली असंल," आणि सब्जा भिजत घातला. मामा काही बोलले नाहीत. वीस वर्षांपूर्वी त्यांनी क्षयाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा केला होता. तोच परत आला, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

रक्त दिसलं की एकतर उष्णता, नाहीतर टीबी, अशी आपली समजूत असते. खरं तर पहिला प्रश्न असतो, रक्त आलं कुठून? मिश्री लावून हिरड्या सोलवटल्या असल्या तरी थुंकी लाल होते. नाकाचा घोळणा फुटून रक्त रात्री घशात उतरतं आणि सकाळी खाकरताना बाहेर येतं. पोटातलं रक्त उलटीतून पडतं. ते काळपट असतं, त्यात अन्नाचे कण असतात. छातीतलं रक्त खोकल्याबरोबर येतं, लाल आणि बहुधा फेसाळ, कारण त्यात हवा मिसळलेली असते.

फुफ्फुसाला रक्त दोन वाटांनी पोचतं. हृदयाच्या उजव्या बाजूचं सगळं रक्त प्राणवायू घ्यायला तिथूनच फिरतं, पण त्या वाहिन्यांतला दाब अंगातल्या बाकीच्या दाबाच्या जेमतेम सहावा हिस्सा. पाटाचं पाणी जसं संथ वाहतं, तसं. दुसरी वाट श्वासनलिकांना पोसणाऱ्या बारीक रोहिण्यांची. हृदयाने फेकलेल्या रक्तातला एखादाच टक्का त्यांच्या वाट्याला येतो, पण त्या थेट महारोहिणीतून निघतात, म्हणून दाब पूर्ण, मोटारीच्या पाइपासारखा. जिथे वर्षानुवर्षं सूज राहते, तिथे या रोहिण्या जाड आणि वेड्यावाकड्या होतात. खोकल्यातून जास्त रक्त पडतं ते बहुतेक वेळा त्यांच्यातलं.

मामांचं तेच झालं होतं. मिरजेत आधी बेडका तपासला, त्यात क्षयाचे जंतू नव्हते. सिटी स्कॅनमध्ये डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुन्या क्षयाने पाडलेली पोकळी दिसली आणि त्या पोकळीत बुरशीचा गोळा. ही बुरशी पालापाचोळ्यात, कडब्यात, धान्यात सगळीकडे असते. धडधाकट फुफ्फुस ती बाहेर टाकतं, रिकाम्या पोकळीत मात्र तिला घर मिळतं. नुसता छातीचा फोटो पाहून पुन्हा टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असत्या, तर सहा महिने वाया गेले असते आणि रक्त थांबलं नसतं.

म्हणून टीबी मनातून काढून टाकायचा असं नाही. आपल्याकडे तो आधी तपासलाच पाहिजे. सातारा जिल्ह्यात पाचगणीला १९१२ साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम निघालं, तेव्हा चांगली हवा, विश्रांती आणि सकस जेवण याहून मोठा इलाज हाती नव्हता. आज यंत्रात बेडका घातला की सुमारे दोन तासांत जंतू कळतात आणि मुख्य औषध त्यांना लागू पडेल का तेही कळतं. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर रक्ताची वाट पाहू नये. तपासायला मात्र छातीतून काढलेला बेडका द्यावा, थुंकी नव्हे.

रक्तासोबत धाप असेल तर हृदयाकडेही पाहावं लागतं. लहानपणी घसा सुजून नंतर सांधे धरले होते का, हा प्रश्न डॉक्टर उगाच विचारत नाहीत. त्या संधिवाती तापाने हृदयाची झडप हळूहळू अरुंद होते, रक्त मागे फुफ्फुसात तुंबतं. तोवर ठीक असलेली बाई गरोदरपणी अंगातलं रक्त वाढलं की जिन्यावर थांबू लागते, रात्री उशा रचून झोपते आणि खोकल्यात लालसर रेघ येते. "दिवस गेलेत, दम लागणारच," असं म्हणून घरचे सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एकाएकी धाप लागली, छातीत टोचलं, एकच पोटरी सुजली, तर पायातली रक्ताची गाठ सुटून फुफ्फुसात अडकलेली असू शकते. तिथे खोकल्याचं औषध पाजत बसायचं नाही, तासाभराच्या आत मोठा दवाखाना गाठायचा. बिडी ओढणाऱ्याचा आवाज बसला, वजन उतरलं, तर कर्करोग तपासावा. न्यूमोनियात, साध्या छातीच्या संसर्गातही रेघभर रक्त येतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवाव्यात.

जास्त रक्त पडू लागलं की धोका रक्त कमी होण्याचा नसतो, गुदमरण्याचा असतो. घशापासून फुफ्फुसातल्या लहान नळ्यांपर्यंतची सगळी जागा मिळून १५० मिलीच्या आसपास, म्हणजे एक वाटी. तेवढी गुठळ्यांनी भरली की श्वास अडतो. म्हणून १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईतो माणसाला बिघडलेल्या फुफ्फुसाच्या बाजूच्या कुशीवर निजवायचं, म्हणजे रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरत नाही.

चौथ्या रात्री मामांना पुन्हा उबळ आली आणि वाटीभर रक्त पडलं. वॉर्डात मामी त्यांना पाठीमागे उशी लावून बसवायला निघाल्या होत्या. नर्सबाईंनी उशी काढली, त्यांना डाव्या कुशीवर वळवलं आणि तोंडाखाली ट्रे धरला. सकाळी मांडीच्या रोहिणीतून बारीक नळी वर नेऊन, रक्त सोडणारी रोहिणी इवल्या मण्यांनी बुजवली. गोळा अजून आतच आहे. तो काढायचा का, ते फुफ्फुसाची ताकद मोजून ठरणार आहे.