झाकली मूठ आणि एप्रिलमधला सामना

एप्रिल २००७. अलाबामा राज्यातल्या टस्कलूसा गावी ब्रायंट-डेनी स्टेडियम काठोकाठ भरलं होतं. अधिकृत आकडा ९२,१३८. समोर प्रतिस्पर्धी कोण? कोणीच नाही. अलाबामा विद्यापीठाचा फुटबॉल संघ दोन तुकड्या करून आपापसांतच खेळणार होता आणि निकाल कुठल्याच गुणतक्त्यात धरला जाणार नव्हता. लोक आले होते ते नवे प्रशिक्षक निक सेबन यांना बघायला. त्याच मैदानावर नोव्हेंबरात हाच संघ लुइझियाना-मन्रो या लिंबूटिंबू समजल्या जाणाऱ्या विद्यापीठाकडून २१-१४ असा हरला. एप्रिलमधल्या त्या जल्लोषात याची चाहूल कोणालाही लागली नव्हती. आणि २००९च्या हंगामात सेबन यांनी राष्ट्रीय विजेतेपद आणलं, त्याचीही नव्हती.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमधल्या ‘स्प्रिंग गेम’ची गोष्ट ही अशी आहे. (हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लंबगोल चेंडू हातात घेऊन खेळायचा तो. कोल्हापूरकरांनी गैरसमज करून घेऊ नये.)

हंगाम ऑगस्टअखेर सुरू होतो आणि जानेवारीत संपतो. मग वसंतात सराव कशाला? याची सुरुवात १८८९ साली हार्वर्डचा कर्णधार आर्थर कमनॉक याने केली, असं मानलं जातं. पुढे गंमत अशी झाली, की ज्या जुन्या प्रतिष्ठित विद्यापीठांनी ही प्रथा पाडली, त्या आयव्ही लीगच्या कुलगुरूंनीच १९५२मध्ये वसंतातल्या सरावावर बंदी घातली. खेळ अभ्यासाच्या डोक्यावर बसतोय, अशी त्यांची तक्रार होती. दक्षिणेत आणि मध्य-पश्चिमेत मात्र या सरावाचा सण झाला. आज एनसीएए या नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे वसंतात पंधरा सत्रं घेता येतात आणि त्यांतलं शेवटचं बहुधा प्रेक्षकांपुढे सामन्यासारखं होतं, तोच हा स्प्रिंग गेम. अलाबामा आणि ऑबर्नमध्ये तो ‘ए-डे’, जॉर्जियात ‘जी-डे’, पेन स्टेटमध्ये ‘ब्लू-व्हाइट’. सेबन यांच्या काळात अलाबामात जिंकलेल्या तुकडीला स्टेक मिळायचा, हरलेल्यांच्या ताटात घेवड्याची उसळ आणि सॉसेज. २०१६मध्ये ओहायो स्टेटच्या अशा सामन्याला १,००,१८९ प्रेक्षक होते. हा विक्रम मानला गेला.

पण एवढं बघून संघ कळतो का? फारसा नाही. मुळात हा हिशेब बेरीज-वजाबाकी करून शून्यावर येणारा. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने, लांब पास टाकून टचडाउन (या खेळातला गोल म्हणा) घडवला, तर आपलं आक्रमण भारी म्हणायचं की आपला बचाव भुसभुशीत? शिवाय क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते. त्याला कोणी आडवं करायचं नाही, नुसता हात लागला की शिट्टी. आणि प्रशिक्षक खरे डावपेच दाखवतच नाहीत, कारण सप्टेंबरमधला प्रतिस्पर्धी चित्रफीत बघत असतो. म्हणून जाणकार गुणफलकाकडे पाहतच नाहीत. पहिल्या फळीत कोण उभा राहतो, तंदुरुस्त असूनही साध्या कपड्यात कडेला कोण बसलाय, शाळा लवकर संपवून जानेवारीतच दाखल झालेला नवा पोरगा मोठ्यांच्या धक्क्यापुढे टिकतो का, एवढं त्यांना पुरतं. बाकी सगळी जत्रा. ती देणगीदारांसाठी आणि शाळकरी खेळाडूंना भुरळ घालण्यासाठी भरवलेली.

दाखवण्याच्या या सोहळ्याला खरी खोट आली ती बाजार खुला झाल्यावर. कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंद करणारं ‘ट्रान्सफर पोर्टल’ ऑक्टोबर २०१८मध्ये सुरू झालं. २०२१मध्ये दोन गोष्टी एकदम घडल्या: पहिल्या बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसायची अट गेली आणि स्वतःच्या नावावर, छबीवर पैसे कमवायची मुभा मिळाली. प्रशिक्षक डिऑन सँडर्स यांचा कोलोरॅडो विद्यापीठाचा संघ हे त्याचं ठळक उदाहरण. आदल्या हंगामात ११ सामने हरलेल्या या संघाचा एप्रिल २०२३चा स्प्रिंग गेम बर्फ पडत असताना ४७,२७७ लोकांनी पाहिला. ९८ यार्डांचा टचडाउन करून त्या दिवशी टाळ्या घेणारा खेळाडू काही दिवसांतच पोर्टलमध्ये गेला, आणि त्याच्यासारखे इतरही बरेच. म्हणजे लोकांनी ज्या संघाचं मूल्यमापन केलं, तो संघच उरला नाही. पुढे हंगामात पहिले तीन सामने जिंकले, अखेर हिशेब चार विजय, आठ पराभव.

नेब्रास्काचे प्रशिक्षक मॅट रूल यांनी २०२५मध्ये पारंपरिक सामना रद्द केला, तेव्हा कारण आडपडदा न ठेवता सांगितलं. आदल्या वर्षी सामना टीव्हीवर दिसला आणि त्यानंतर त्यांच्या खेळाडूंना बाहेरून आमिषं येऊ लागली. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, इथे हिशेब डॉलरमध्ये. टेक्सासचे प्रशिक्षक स्टीव्ह सार्किजियन यांनीही त्याच वर्षी सामना रद्द केला, पण त्यांचं म्हणणं वेगळं होतं. दोन हंगामांत त्यांचा संघ तीस सामने खेळला होता, अंगं शिणली होती. मला हे कारण जास्त पटतं. विजेतेपदासाठीच्या बारा संघांच्या बाद फेरीमुळे (प्लेऑफ) हंगाम लांबलाय आणि निरर्थक सामन्यात गुडघा गमावणं कोणाला परवडेल?

२०२६पासून एप्रिलमधली बदलीची मुदतच काढून टाकली आहे, पोर्टल आता फक्त जानेवारीत उघडतं. वसंतातल्या पळवापळवीची भीती त्यामुळे बरीच ओसरावी. दुखापतीची राहतेच.

सँडर्स यांनी मात्र उलटं टोक गाठलं होतं. स्वतःशी कसलं खेळता, दुसऱ्या विद्यापीठाला बोलवा, असं ते २०२५मध्ये म्हणाले. सिरॅक्यूज विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रॅन ब्राउन लगेच तयारही झाले. एनसीएएने परवानगी नाकारली.