कोआला नशेत नसतो
ब्रिस्बेनच्या लोन पाइन अभयारण्यात १९२७ पासून कोआला पाळले जातात. फांदीच्या बेचक्यात पेंगणारा कोआला दिसला की हमखास कुणीतरी म्हणतंच, "निलगिरीचा पाला खाऊन झिंगलाय!" साफ खोटं. त्या पाल्यात नशा नसते. असतात विषारी द्रव्यं, भरपूर तंतू आणि नावापुरतं पोषण. विषाचा निकाल त्याचं यकृत लावतं. तंतूंसाठी पोटात सुमारे दोन मीटर लांबीचं आंधळं, म्हणजे एका टोकाला बंद असलेलं, आतडं राबत असतं. एवढा खटाटोप करून हाती येते ती जेमतेम ऊर्जा, मग ती वाचवायला दिवसाचे १८-२० तास झोप. बरं, स्वारी चोखंदळही भारी! पुढ्यात ताज्या फांद्या ठेवल्या तरी पानं हुंगून बघणार, आणि नापसंत असतील तर चक्क सोडून देणार. झिंगलेल्याला एवढी शुद्ध कुठली?