‘बाकीच्यांचं काय?’ या प्रश्नामागचा इतिहास

वर्गात निनावी प्रश्नांची पेटी ठेवली की घट्ट घड्या घातलेल्या, अक्षर मुद्दाम बदलून लिहिलेल्या चिठ्ठ्या निघतात. शब्द वेगवेगळे, पण विचारणं बरेचदा एकच: ‘हे माझंच असं होतंय का?’ लैंगिक आरोग्याबद्दल किशोरवयात मतं कशी बनतात, ते मला या प्रश्नात सगळ्यात स्पष्ट दिसतं. स्वतःला जोखायला दुसऱ्यांचं माप लागतं, आणि ते बहुतेक अंदाजानेच घेतलेलं असतं.

अभ्यासकांचं लक्ष आधी भलतीकडेच होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये किशोरवयाला वादळी काळ म्हटलं आणि कारण शोधलं ते मुख्यतः शरीरात. १९२८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या मुलींबद्दल लिहिलं, की हे वादळ संस्कृतीवर ठरतं. १९८३ मध्ये दुसरे मानववंशशास्त्रज्ञ डेरेक फ्रीमन यांनी मीड यांचे निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न केला. वाद बराच पेटला. तरी मुलांच्या भोवतालाकडे वळलेली नजर पुन्हा हटली नाही.

१९३१ मध्ये डॅनियल कॅट्झ आणि फ्लॉइड ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासात एक गोष्ट टिपली: मनातून न पटणारी रीतही ‘इतरांना पटते’ असं समजून प्रत्येकजण पाळत राहतो. मित्रांच्या घोळक्यात हेच घडतं. एकजण बढाई मारतो, चौघं हसून मान डोलावतात, आणि प्रत्येकजण घरी जातो तो ‘मीच मागे राहिलो’ असं वाटून. या दडपणातून घाई होते, नको असताना होकार दिला जातो, निरोधाचा विषय काढायची लाज वाटते.

शाळांनी काय केलं? स्वीडनने १९५५ मध्ये लैंगिक शिक्षण सक्तीचं केलं. १९८१ मध्ये एड्सची पहिली नोंद झाल्यावर अनेक देशांत हा विषय वर्गात आला, पण बरेचदा भीतीचं बोट धरून. १९९४ मध्ये कैरोत लोकसंख्या आणि विकासावर झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत १७९ देशांनी कृती कार्यक्रम स्वीकारला, त्यात किशोरवयीनांच्या माहितीच्या गरजेची दखल होती. युनेस्कोच्या २००९ च्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत संमती, नातेसंबंध, सोबत्यांचं दडपण हे विषय आले.

घरात मात्र अजून अवघडलेपण आहे. टीव्हीवर तसं दृश्य आलं की कुणीतरी घाईने चॅनेल बदलतं. कुणी काही बोलत नाही, पण ‘हे विचारायचं नाही’ एवढं मुलाला नेमकं कळतं. मग तोच प्रश्न रात्री पांघरुणात मोबाइलवर टाइप होतो.