पार्श्वभूमी : दहा टक्क्यांचा नियम आणि मुंबईची जानेवारी

अंतर बेताबेताने वाढवायचे, हे धावण्याच्या क्षेत्रातले जुनेच शहाणपण. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडच्या दोघांनी ८०० आणि ५,००० मीटरची सुवर्णपदके जिंकली आणि त्यांच्या प्रशिक्षकाची पद्धत गाजली : आधी महिनोन्‌महिने भरपूर अंतर, वेगाचा सराव शेवटी. तिचेच सौम्य रूप पुढे जॉगिंग म्हणून जगभर पसरले. १९८०च्या सुमारास अमेरिकेत त्याला आकडा चिकटला : आठवड्याचे एकूण अंतर मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये.

मुंबईत २००४ साली जानेवारीतली मॅरेथॉन सुरू झाली आणि हौशी धावणाऱ्यांचे गट वाढत गेले, तसा हा आकडाही तोंडोतोंडी झाला. इथला सराव साधारण जुलैत सुरू होतो, म्हणजे ऐन दमट हवेत. घाम वाळत नाही, शरीर थंड होत नाही आणि नेहमीच्याच वेगाला नाडी चढते. म्हणून या महिन्यांत घड्याळातला वेग बाजूला ठेवून, धावताना सलग एक-दोन वाक्ये बोलता येतात का, एवढेच पाहावे. शिवाजी पार्कचा कट्टा सुमारे १.१७ किलोमीटरचा, दर फेरीला ही परीक्षा घेता येते.

वाद आहे तो दहा टक्क्यांवर. हिशेब मांडला की नियमाची दोन्ही टोके लंगडी पडतात. आठवड्याला १० किलोमीटर धावणाऱ्याला फक्त १ किलोमीटर वाढवायची मुभा, आणि २० किलोमीटरवाला दर आठवड्याला इमानेइतबारे दहा टक्के वाढवत गेला तर विसाव्या वाढीनंतर १३४ किलोमीटरवर! म्हणजे ही फार तर वरची मर्यादा. दर आठवड्याला गाठायचे लक्ष्य नव्हे. अनेक तयार वेळापत्रकांत मात्र ती लक्ष्य म्हणूनच छापलेली असते.

२००८ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात पाचशेहून अधिक नवख्यांना दोन गटांत विभागले. एकाला १३ आठवड्यांचा दहा टक्क्यांचा संथ कार्यक्रम, दुसऱ्याला ८ आठवड्यांचा. दुखापती दोन्हीकडे सारख्याच, पाचातल्या एकाला. घाईवाल्यांनी हा निकाल उचलून धरला. पण तिथले लक्ष्य होते ४ मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरही नाही. त्यावरून ४२ किलोमीटरची घाई खपवणे हा निव्वळ आगाऊपणा आहे.

खरी अडचण हाडांची. दम काही आठवड्यांत सुधारतो. हाड त्याच्या मागे रखडते. नवा भार पडला की शरीर आधी जुने हाड कोरून काढते. याला सुमारे तीन आठवडे लागतात. ती जागा भरून यायला तीन महिने. त्यामुळे अंतर वाढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, अगदी हुरूप आलेला असताना, नडगी सर्वांत कच्ची असते. दर चौथ्या आठवड्याला अंतर पाव हिश्शाने कमी करण्याची चाल त्यासाठीच. नडगीच्या आतल्या कडेला वीतभर पसरलेले, धावता धावता कमी होणारे दुखणे असेल तर भार कमी करून भागते. बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, एका पायावर उडी मारताच कळ येत असेल, तर धावणे बंद करून डॉक्टर गाठावा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. त्यावर विसंबून पुन्हा पळायला लागणारेच महिनोन्‌महिने अडकतात.

२०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि नियमाचा रोख बदलला. आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच धाव महत्त्वाची ठरली. गेल्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त अंतर एका दमात कापले की दुखापतीचा धोका वाढत होता. दुपटीहून जास्त कापले तर तोही दुपटीच्या वर. आठवडाभर दांड्या मारून रविवारी मरीन ड्राइव्हवर सगळी भरपाई करणाऱ्यांना हे लागू पडते.

यात ३० दिवसांची अट कळीची. पावसाळ्यात डेंग्यूने महिनाभर घरी बसलेल्याची आधीची १८ किलोमीटरची धाव हिशेबात धरायचीच नाही. त्याने दिवसाआड अर्धा तास चालण्यापासून सुरुवात करावी, मग त्यात दोन-दोन मिनिटांचे धावणे मिसळावे. सलग ५ किलोमीटर विनातक्रार झाले की मगच टक्क्यांचा हिशेब. डिसेंबर उजाडला तरी १८ किलोमीटर परत जमले नसतील, तर त्या जानेवारीत पूर्ण मॅरेथॉन धावू नये.