स्क्रिप्ट दोनदा चालवून बघा

डेटाबेस सर्व्हर म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे, अख्खा लवाजमा असतो. माहिती सांभाळणारं इंजिन, ठरल्या वेळी कामं उरकणारा शेड्युलर, बॅकअपची साधनं, वापरकर्त्यांची खाती, फायरवॉलचे नियम. हे सगळं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत हाताने उभं करता येतं. त्यात वेळ जातो याचं दुःख नाही. असे उभे केलेले दोन सर्व्हर कधीच हुबेहूब सारखे नसतात, हे खरं दुखणं. एकावर चौकटीत टिक केली, दुसऱ्यावर राहिली. सहा महिन्यांनी तीच क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, इथे पळते नि तिथे अडखळते, तेव्हा ती राहिलेली टिक कुणाला आठवणार?

म्हणून उत्तरं आधीच फाइलमध्ये लिहून ठेवायची. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा सेटअप अशी फाइल स्वतःच बनवून देतो: कोणते भाग हवेत, इन्स्टन्सचं (सर्व्हरच्या या एका प्रतीचं) नाव काय, डेटा कुठे ठेवायचा. ती पुढच्या मशीनवर दिली की तीच उत्तरं पुन्हा भरावी लागत नाहीत. पासवर्ड मात्र सेटअप तिच्यात लिहीत नाही. हे शहाणपण स्वतःच्या स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने ओळीने पार पाडायच्या आज्ञांच्या फाइली, लिहिणारे हमखास विसरतात.

स्क्रिप्ट लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो हुकूम सोडण्याचा: फोल्डर बनव, खातं उघड, फाइलच्या शेवटी ही ओळ जोड. कोऱ्या मशीनवर हे झकास चालतं. पण मध्येच नेटवर्क गेलं आणि पुन्हा पहिल्यापासून चालवावं लागलं तर? 'फोल्डर आधीच आहे' म्हणून स्क्रिप्ट अडते, किंवा त्याहून वाईट म्हणजे न अडता तीच ओळ दुसऱ्यांदा जोडते. म्हणून मुरलेली माणसं हुकूम नाही, स्थिती लिहितात: 'हे खातं असलं पाहिजे.' असेल तर हात लावायचा नाही, नसेल तर बनवायचं. कितीदाही चालवा, निकाल तोच. या गुणाला 'आयडेम्पोटंट' म्हणतात. शब्द संगणकाहून बराच जुना, बेंजामिन पर्स या अमेरिकी गणितज्ञाने १८७० साली बीजगणितासाठी घडवलेला. १९९३ मधलं सीएफइंजिन, २००५ मधलं पपेट, २०१२ मधलं अ‍ॅन्सिबल ही सर्व्हर उभारणीची साधनं याच कल्पनेभोवती वाढली. अ‍ॅन्सिबल शेवटी हिशेब देतं की किती गोष्टी बदलल्या. लागोपाठ दुसऱ्या फेरीत तो आकडा शून्य आला नाही, तर कुठेतरी हुकूम लपलेला आहे असं समजावं.

वेब सर्व्हर बिघडला तर पुसून नवा उभा करता येतो. डेटाबेसच्या पोटात माहिती असते, त्यामुळे ती सोय नाही. शिवाय काही गोष्टी त्याच्या जन्माच्या वेळीच ठरतात. टेबलांच्या नावांत इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद करायचा की नाही, हे मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये सुरुवातीला एकदाच सांगता येतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्व्हरचं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम लावण्याचे नियम, मागाहून बदलायचं तर सिस्टिम डेटाबेस नव्याने बांधावे लागतात. असा फरक स्क्रिप्टला दिसला तरी तिने तो परस्पर दुरुस्त करायला जाऊ नये. पोस्टग्रेस या डेटाबेसचा डेटा-फोल्डर तयार करणारा प्रोग्रॅम इथे छान वागतो: फोल्डर रिकामा नसेल तर चक्क नकार देतो. डेटाबेसच्या स्क्रिप्टमध्ये असे नकार जितके जास्त तितकं बरं, असं माझं मत आहे.

मेमरीचा आकडाही स्क्रिप्टमध्ये ठोकून बसवू नये. पोस्टग्रेस स्वतःच्या शेअर्ड बफरसाठी, म्हणजे माहिती हाताशी ठेवायच्या मेमरीसाठी, सहसा १२८ एमबी धरतं. फक्त डेटाबेससाठी ठेवलेल्या मशीनवर एकूण रॅमच्या पाव भागापासून सुरुवात करावी, असं त्याची कागदपत्रं सांगतात. तेव्हा आधी मशीनला रॅम विचारायची, मग भागाकार. हा बदल लागू व्हायला रीस्टार्ट लागतो, म्हणून मूल्य खरोखर बदललं असेल तरच रीस्टार्ट.

आणि इतकं करूनही कुणीतरी घाईत सर्व्हरवर शिरून हाताने सेटिंग बदलतंच. पोस्टग्रेस ९.४ पासून असा बदल आतूनच एका आज्ञेने करता येतो. तो वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि मुख्य फाइलवर मात करतो. स्क्रिप्ट इमानेइतबारे मुख्य फाइल लिहीत राहते, सर्व्हर दुसरीच फाइल ऐकत राहतो.

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड सांभाळणाऱ्या सेवेत एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेसचा फोल्डर पुसला गेला. सुमारे ३०० जीबी. बॅकअपची स्वयंचलित व्यवस्था होती, पण ती डेटाबेसच्या नव्हे, अ‍ॅप्लिकेशनच्या सर्व्हरवर चालत होती. तिथे डेटा-फोल्डरच नसल्याने पोस्टग्रेसची आवृत्ती कळेना, म्हणून गिटलॅबच्या इन्स्टॉल पॅकेजने ९.२ गृहीत धरली. डेटाबेस होता ९.६. बॅकअप रोज फसत होता. फसल्याचे ईमेल निघत होते, तेही वाटेत नाकारले जात होते. बॅकअप ठेवायची जागा उघडून पाहिली तर रिकामी. शेवटी सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची प्रत, कामी आला, जो एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवला होता.