मेंदूला इजा झालेले विद्यार्थी आणि शिक्षक-प्रशिक्षण

अपघात, पडझड किंवा खेळताना डोक्याला बसलेला मार यांतून मेंदूला इजा झालेल्या मुलांना शिकवता यावे यासाठी भावी शिक्षकांची तयारी करून घेणे, हा विशेष शिक्षणातील फार दुर्लक्षित भाग आहे. अमेरिकेत १९९० साली अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्याला ‘आयडिया’ हे नाव मिळाले, तेव्हा स्वमग्नतेबरोबर आघातजन्य मेंदूइजा हा स्वतंत्र प्रवर्ग त्यात आला. जन्मजात दोष व प्रसूतीच्या वेळची इजा त्यात धरत नाहीत. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांत या प्रवर्गात नोंदलेली मुले अर्धा टक्काही नाहीत. संख्या थोडी, म्हणून प्रशिक्षणात विषयाला जेमतेम एखादा तास मिळतो. आणि शिक्षकांना इजा ओळखता येत नाही, म्हणून बरीच मुले अध्ययन अक्षमता किंवा वर्तनसमस्या या नावाखाली जातात.

टाके निघाले, केस वाढले, की मूल बरे झाले, हा समज छात्राध्यापकाच्या मनातून आधी काढावा लागतो. लहान वयातला मेंदू लवकर सावरतो, हा समजही तितकाच घातक. नियोजन आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग विशीतही घडतच असतो. त्यामुळे सहाव्या वर्षी झालेल्या इजेचे परिणाम कधीकधी सातवी-आठवीत उघड होतात, कारण तेव्हा वह्या, विषय, वेळापत्रक मुलाने स्वतः सांभाळायचे असते. तोवर अपघाताची आठवण शाळेत कुणालाच नसते.

इजेआधी शिकलेले पक्के असते, वाचन अस्खलित असते. पण काल समजलेले अपूर्णांक आज नवेच वाटतात. सकाळी सुटलेले गणित मधल्या सुट्टीनंतर सुटत नाही. याला आळस म्हणणे अन्यायाचे आहे. असा थकवा इजेचाच भाग असतो.

पाठ टाचणातच याची सोय करावी लागते : एका वेळी एकच सूचना, तीही फळ्यावर लिहून, दहाऐवजी चार उदाहरणे, मध्ये विश्रांती. स्मरण अधू झालेल्या मुलाच्या डोक्यात स्वतःची चूकच पक्की बसू शकते, म्हणून ‘आधी करून बघ’ म्हणण्यापेक्षा बरोबर रीत दाखवून तिचाच सराव घेणे चांगले. अमेरिकेत ऑल्बनीच्या कॉलेज ऑफ सेंट रोझमध्ये अध्यापन केलेले, मेंदूइजा झालेल्या मुलांच्या शिक्षणाचे अभ्यासक मार्क इल्विसाकर यांचा भर स्मरणशक्तीच्या सुट्या कसरतींवर नव्हता. काय साधायचे, कसे करायचे, करून पाहिले तर कसे झाले, हा क्रम रोजच्या कामातच मुलाच्या अंगवळणी पाडावा, असे ते सांगत.

पदवीनंतर शिक्षक एकटा पडू नये, हेही महत्त्वाचे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २००७ पासून ‘ब्रेनस्टेप्स’ या उपक्रमाची सल्लागार पथके मेंदूइजा झालेल्या मुलांबाबत शाळांना मदत करतात.

भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मेंदूइजेचा वेगळा उल्लेख नाही. दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेवरचा अभ्यासक्रम मात्र आहे. महाराष्ट्रातील अध्यापक महाविद्यालयांना हा विषय तिथे आजही शिकवता येईल.