विहिरीतली कवटी आणि करंगळीचं हाड

जून २०२५ मध्ये बातमी आली की चीनमधल्या हार्बिनची कवटी डेनिसोव्हन, म्हणजे नामशेष झालेल्या एका मानवशाखेतल्या, माणसाची निघाली. बातमी वाचून वाटतं, कुणीतरी नुकतंच काहीतरी खणून काढलं. प्रत्यक्षात ती कवटी ९२ वर्षांपूर्वी सापडलेली, आणि ‘डेनिसोव्हन’ हे नावही तोवर पंधरा वर्षांचं झालेलं. दोन जुन्या गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, एवढंच काय ते नवं. पण तेवढं कळायला इतका वेळ का लागला, ही गोष्ट मला मूळ शोधापेक्षा जास्त रंजक वाटते.

१९३३ साली हार्बिन जपान्यांच्या ताब्यात होतं. सोंगहुआ नदीवर पूल बांधायचं काम चालू असताना एका मजुराला ही कवटी मिळाली, असं त्याच्या घरचे सांगतात. चारच वर्षांपूर्वी बीजिंगजवळ ‘पेकिंग मानव’ या प्राचीन माणसाची कवटी सापडून तिचा बराच गाजावाजा झाला होता. आपल्या हाती काहीतरी मोलाचं लागलंय, हे त्याने त्यावरूनच ओळखलं असावं. त्याने ती एका पडक्या विहिरीत दडवली आणि जवळजवळ मरेपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही. शेवटी नातवंडांना सांगितलं. २०१८ मध्ये घरच्यांनी ती बाहेर काढली आणि पुढे हबेई जिओ विद्यापीठाच्या संग्रहालयाकडे सोपवली. गंमत म्हणजे पेकिंग मानवाचे मूळ जीवाश्म तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खोक्यांत भरून अमेरिकेला निघाले आणि डिसेंबर १९४१ मध्ये युद्धाच्या धामधुमीत बेपत्ता झाले, ते आजतागायत मिळालेले नाहीत. विहिरीतली कवटी मात्र शाबूत राहिली.

अशा ऐकीव कहाणीवर कुणी शोधनिबंध लिहीत नाही. म्हणून कवटीच्या नाकात अडकलेली माती आणि हाडातल्या मूलद्रव्यांचं प्रमाण तपासलं गेलं. ती हार्बिन परिसरातल्या गाळाशी जुळली, आणि कवटीचं वय किमान १,४६,००० वर्षं निघालं. भुवयांवरचं हाड जाड आणि पुढे आलेलं, डोळ्यांच्या खोबण्या मोठ्या आणि चौकोनी वळणाच्या, पण मेंदूची पोकळी १,४२० मिलिलिटरची, म्हणजे आपल्याइतकीच. वरच्या जबड्यात दात एकच शिल्लक, एक दाढ. २०२१ मध्ये तिला ‘होमो लोंगी’ असं नवं नाव मिळालं. ‘लोंग’ म्हणजे ड्रॅगन. हे डेनिसोव्हनच तर नसतील ना, अशी शंका काहींनी तेव्हाच बोलून दाखवली. पण पडताळणार कसं? डेनिसोव्हनांना चेहराच नव्हता.

त्याचं कारण सायबेरियात आहे. अल्ताई पर्वतातल्या डेनिसोव्हा गुहेत २००८ मध्ये रशियन पुरातत्त्वज्ञांना करंगळीच्या टोकाच्या हाडाचा एक तुकडा मिळाला, शर्टाच्या बटणाएवढा. अशा तुकड्यावरून माणूस कुठल्या जातीचा हे सांगता येत नाही. पण त्या गुहेत वर्षभराचं सरासरी तापमान शून्य अंशाच्या आसपास असतं, आणि थंडीत डीएनए टिकतो. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत जनुकशास्त्रज्ञ स्वांते पेबो यांच्या गटाने त्यातलं सुमारे ३० मिलिग्रॅम चूर्ण घेतलं. हाडातला बहुतांश डीएनए खुद्द त्या मुलीचाच होता. हो, ती एक लहान मुलगी होती. एरवी जुन्या हाडांत नव्वद-पंच्याण्णव टक्के डीएनए जिवाणूंचा आणि बुरशीचा असतो, हे लक्षात घेतलं तर ही केवढी लॉटरी होती ते कळेल.

मार्च २०१० मध्ये आधी मायटोकाँड्रियाचा डीएनए प्रसिद्ध झाला, म्हणजे केवळ आईकडून येणारा छोटा भाग. त्यावरून असं दिसलं की आपण आणि निअँडरथल (आणखी एक नामशेष मानवशाखा) एकमेकांपासून वेगळे होण्याच्याही बरंच आधी ही शाखा फुटली होती. त्याच वर्षी डिसेंबरात पेशीकेंद्रातला जनुकसंच आला आणि चित्र पालटलं: ही तर निअँडरथलांची बहीण-शाखाच. शिवाय पॅसिफिक बेटांवरच्या आजच्या मेलानेशियन लोकांच्या जनुकसंचात ४ ते ६ टक्के वाटा यांचाच. माणसाची एक आख्खी शाखा फक्त डीएनएच्या अक्षरांतून, हाडांच्या आधी, ओळखली गेली. तोवर असं कधी झालं नव्हतं. म्हणूनच तिला रीतसर लॅटिन नाव द्यायला कुणी धजावलं नाही. ज्याच्याशी पुढचं हाड ताडून बघावं, असं हाडच हाती नव्हतं.

गुहेतल्या मोठाल्या दाढाही त्यांच्याच निघाल्या. मग एक विलक्षण तुकडा मिळाला. जनावरांच्या आणि माणसांच्या मिळून दोन हजारांहून जास्त हाडांच्या चुऱ्यातून, कोलॅजेन हे हाडातलं प्रथिन तपासत तपासत, जेमतेम अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा माणसाचा म्हणून वेगळा काढला. २०१८ मध्ये त्याचा डीएनए वाचला गेला तेव्हा आधी वाटलं, नमुन्यात भेसळ झाली. भेसळ नव्हती. आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन असलेली ती किशोरवयीन मुलगी होती, सुमारे ९०,००० वर्षांपूर्वीची.

दरम्यान एक कोडं पडून होतं. २०१४ मध्ये कळलं की तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत राहायला मदत करणारं ईपीएएस१ जनुकाचं रूप डेनिसोव्हनांकडून आलंय. पण डेनिसोव्हा गुहा समुद्रसपाटीपासून फक्त ७०० मीटरवर. मग हे जनुक त्यांना कशाला हवं होतं? उत्तर १९८० पासून कुणाच्या तरी हाती होतं. गान्सू प्रांतात, तिबेटी पठाराच्या कडेला ३,२८० मीटर उंचीवरच्या बैशिया गुहेत एका बौद्ध भिक्खूला प्रार्थनेसाठी गेला असताना अर्धा जबडा सापडला. तो त्याने आपल्या लामांना दिला, त्यांच्याकडून तो लान्चौ विद्यापीठात आला आणि तिथे अनेक वर्षं पडून राहिला. डीएनए निघाला नाही. २०१९ मध्ये दातातलं प्रथिन वाचून तो डेनिसोव्हनाचा असल्याची ओळख पटली. जबडा किमान १,६०,००० वर्षांचा.

प्रथिनांचा हा मार्ग पुढे फार कामाला आला. डीएनए उष्णतेने आणि काळाने लवकर तुटतो, प्रथिनं त्यामानाने चिवट. त्यांतली अमिनो आम्लं कुठल्या क्रमाने येतात हे जनुकच ठरवतं, त्यामुळे मूळ मजकूर फाटला तरी त्याची नक्कल थोडीफार वाचता येते. तैवानजवळ पेंघूच्या समुद्रातून मासेमारीच्या जाळ्यात आलेला एक जबडा जुन्या वस्तूंच्या दुकानात विकला गेला होता, तिथून संग्रहालयात पोचला. त्याच्यावरचा पहिला निबंध २०१५ चा. तो डेनिसोव्हन पुरुषाचा आहे हे एप्रिल २०२५ मध्ये प्रथिनांवरूनच कळलं.

आणि हार्बिन. जनुकशास्त्रज्ञ फू चाओमेई यांच्या गटाने दात आणि कानाच्या आतल्या बाजूचं कठीण हाड, दोन्हींतून प्रयत्न केला. डीएनए हाती लागेना. मग त्या एकुलत्या दाढेवरच्या कीटणाकडे मोर्चा वळला. कीटण म्हणजे दातावर जमून दगडासारखा झालेला थर. सहसा त्यात तोंडातल्या जिवाणूंचा डीएनए शोधतात, यजमान माणसाचा नव्हे. जेमतेम ०.३ मिलिग्रॅम कीटणातून मायटोकाँड्रियाचा डीएनए मिळाला आणि तो सायबेरियातल्या जुन्या डेनिसोव्हनांशी जुळला. हाडातल्या प्रथिनांनीही तेच सांगितलं.

इथे थोडं सावध राहायला हवं. मायटोकाँड्रियाने २०१० मध्येच एकदा चकवलंय, हे वर आलंच आहे. हार्बिनचा पूर्ण जनुकसंच अजून कुणी वाचलेला नाही. प्रथिनांचा दुजोरा आहे म्हणून मला निष्कर्ष पटतो. पण यापुढे सगळ्याच डेनिसोव्हनांना ‘होमो लोंगी’ म्हणायचं का, यावर वाद चालूच आहे. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये भर पडली. हुबेई प्रांतात युनशियन इथे १९८९ आणि १९९० मध्ये मातीच्या दाबाने चेपलेल्या दोन कवट्या मिळाल्या होत्या. त्यांतली दुसरी संगणकावर पूर्ववत करून ती याच कुळातली, सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीची, असा दावा केला गेला. तसं असेल तर हे फाटे फुटण्याचा काळ बराच मागे ढकलावा लागेल. त्या दाव्यामागे फक्त हाडाचा आकार आहे, डीएनए नाही.

तूर्तास हिशेब असा: बैशिया आणि पेंघूला जबडे आहेत, कवटी नाही. हार्बिनला कवटी आहे, खालचा जबडा नाही. तो नेमका कुठे शोधायचा हे सांगू शकला असता तो मजूर.